कंदील आधी, माणूस नंतर

माझ्या घराच्या भिंतीवर एक प्रशस्तिपत्र आहे. काच फुटली तेव्हा बायकोने ती बदलून आणली, चौकटीला वाळवी लागली तेव्हा सुनेने चौकट बदलली. पाहुणे आले की चहा होईपर्यंत त्यांना ते वाचावंच लागतं, कारण खुर्ची बरोबर त्याच्यासमोर आहे. मी ‘प्रसंगावधान राखून, पंचायतीच्या आपत्कालीन पेटीतील साहित्याच्या साहाय्याने’ एका इसमाचे प्राण वाचवले, असं त्यात लिहिलेलं आहे. यातलं ‘इसमाचे प्राण वाचले’ एवढंच खरं. बाकीचा मजकूर ज्या अहवालावरून घेतला तो मीच लिहिला होता आणि तो खोटा होता. संपादकांनी नोकरीतले गमतीचे अनुभव मागितले आहेत. गमती देतो, पण त्यांच्यासोबत हेही छापावं, एवढी विनंती.

मी परभणी जिल्ह्यात ग्रामसेवक होतो. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो: ग्रामसेवकाने जन्म-मृत्यू लिहायचे, घरपट्टी मागायची, सभेचं इतिवृत्त ठेवायचं आणि वरून येईल ती योजना खाली पोचवायची. गावात कुणाचं काही हरवलं की लोक आमच्याकडे येत. सापडलं की येत नसत.

ऐंशीच्या आगेमागे आपत्कालीन तयारीची एक योजना वरून आली. आम्हाला चार दिवस प्रशिक्षण दिलं. शिकवायला आलेले गृहस्थ फार हुशार होते. तिसऱ्या मजल्याला आग लागली तर चादरींना गाठी मारून खाली कसं उतरायचं, ते त्यांनी आमच्याकडून करून घेतलं. माझ्याकडे बोरीच्या बाजूची तीन गावं होती आणि त्या तिन्हींत सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे देवळाचा कळस. पण मी मन लावून शिकलो. माझ्या चादरीची गाठ सुटली नाही म्हणून टाळ्याही मिळाल्या.

प्रशिक्षण संपलं आणि प्रत्येक गावाला एक लाल पेटी मिळाली. आत नायलॉनचा दोर, बॅटरी, शिट्टी, जखमेचं औषध, पट्ट्या, मेणबत्त्या आणि एक छापील पुस्तिका. सहा महिन्यांनी मी तपासणी केली. शिट्टी शाळेच्या कवायतीला गेली होती, मेणबत्त्या गणपतीत संपल्या होत्या, पट्ट्या जत्रेतल्या कुस्त्यांत. दोराने एका गावात म्हैस बांधलेली होती. पुस्तिका मात्र तिन्ही गावांत शाबूत होती.

मग पेट्या पुन्हा भरल्या आणि यावेळी कुलूप लावलं. किल्ली सरपंचाकडे, कारण जिम्मेदारी त्यांची. संकट येईल तेव्हा सरपंच गावात असतील, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो.

पुढे काही महिने पालमकडची दोन गावं माझ्याकडे होती. तिथे एक किराणा दुकानदार होते, शिवलिंगअप्पा. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत मिठाची पोती छताला टेकलेली. रझाकाराच्या वेळी ते तरुण होते आणि तेव्हा त्यांच्या घराला पंधरा दिवस मीठ मिळालं नव्हतं. ते पंधरा दिवस ते उरलेला सगळा जन्म विसरले नाहीत. मी लाल पेटी उघडून दाखवली, तर त्यांनी आत हात घालून सगळं खालीवर केलं आणि म्हणाले, “यात मीठ न्हाई. काड्याच्या पेट्या न्हाईत. तुमची तयारी कशाची हाय मग? पळून जायची?”

मी हसलो. रझाकार पुन्हा यायचे नाहीत, अप्पा, असं म्हणालो. त्या पावसाळ्यात नदीला पूर येऊन पलीकडचं गाव तीन दिवस तुटलं. दोराची गरज कुणालाच पडली नाही. गावाची पहिली हाक आली ती मीठ आणि काड्याच्या पेट्यांसाठी. अप्पांनी डोंगीतून दोन्ही पाठवलं आणि नंतर वर्षभर मला बघितलं की नुसतं विचारायचे, “भाऊसाहेब, पेटी बरी हाय का?”

तेव्हा मी शिकायला हवं होतं. म्हातारी माणसं साठवून ठेवतात ती भीतीपोटी, अडाणीपणाने, असं आम्हा योजनावाल्यांना वाटायचं. भीती होतीच. पण बहात्तरचा दुष्काळ काढलेल्या बाईच्या घरात बघा: भोपळ्यात राख घालून ठेवलेलं बियाणं, आढ्याला अंबाडीचा दोर, चुलीत राखेखाली झाकलेला विस्तव. कुलूप कशालाच नाही. आणि कोणती वस्तू कुठे आहे, ते घरातल्या प्रत्येकाला अंधारातही माहीत.

या तयारीतली सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे पेव. नव्या वाचकांना ते ठाऊक नसेल. उंच, कोरड्या जागी जमिनीत खणलेला खड्डा, आत पोट मोठं, तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं. आतून कडबा आणि भुसा लावायचा, ज्वारी भरायची, वरून मातीने बंद करायचं. ज्वारी तीन-चार वर्षं टिकते. चोराला दिसत नाही, आगीला सापडत नाही. मात्र बंद पेवातली हवा खराब होते. तिला वास नाही, रंग नाही. गावात तिला नुसती ‘वाफ’ म्हणायचे. वाफ धरलेल्या पेवात उतरलेला माणूस चार श्वासांत खाली बसतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही बसतो.

म्हणून पेव उघडायचे नियम होते. दिवसभर आधी तोंड मोकळं करायचं. मग पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवाच, आणि खाली गेल्यावर त्याने बोलत राहायचं. आवाज थांबला की वर ओढायचं.

प्रशस्तिपत्रातली घटना ज्या गावात घडली तिथे दत्तराव नावाच्या मोठ्या शेतकऱ्याचं पेव होतं. ते उघडायचं काम बौद्ध वस्तीतल्या एका घराकडे पिढ्यान् पिढ्या होतं. गयाबाईचा नवरा खाली उतरायचा, गयाबाई वर कंदील आणि दोर सांभाळायची. बोलत राहायचा नियम तो आपल्या पद्धतीने पाळायचा. खाली पाय टेकला की मालकाला शिव्या द्यायला सुरुवात. दत्तरावांच्या आज्यापासून सुरू करून एकेक पिढी घ्यायचा. वर्षातून एकच दिवस, पण भरपूर. आणि दत्तराव वर बसून आनंदाने ऐकायचे, कारण शिव्या चालू म्हणजे माणूस जिवंत. गाव ऐकायला जमायचं.

मी आलो तेव्हा तो वारलेला होता. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाने गावागावांत दोन तट पडले होते. या गावात जाळपोळ झाली नाही, पण वस्तीतल्या माणसांना कामाला बोलवायचं थांबलं होतं. बोलणंही थांबलं होतं. मी दोन्हीकडे जायचो, दोन्हीकडे चहा घ्यायचो आणि कुणालाच काही म्हणायचो नाही. याला मी तेव्हा समतोल म्हणत असे.

त्यात धान्यासाठी पत्र्याच्या कोठ्या आल्या. पेवं रिकामी करा, धान्य कोठीत भरा, असा आदेश. माझ्या गावात पहिलं प्रात्यक्षिक ठरलं, तालुक्याचे साहेब जीपने अकरा वाजता येणार. दत्तराव कोठीच्या बोलीवर तयार झाले. पेव आदल्या दिवशी उघडायला हवं, असं ते एकदा म्हणाले. मी म्हटलं, आदल्या दिवशी उघडलं तर साहेबांसमोर काय उघडणार? शेवटी, साहेब येतील तेव्हा काम चालू दिसावं म्हणून, दहाच्या सुमारास माती काढली.

उतरायला दत्तरावांचा सालगडी नागोराव होता. पेवात तो कधी उतरला नव्हता. गावात त्याची ख्याती अशी, की तो दिवसाला चार शब्द बोलतो आणि त्यातले दोन बैलांशी. गयाबाई बोलावणं नसताना आलेली होती. लांब, लिंबाखाली उभी. तोंड मोकळं झालेलं बघून तिथूनच म्हणाली, “भाऊसाहेब, आदी कंदील सोडा.”

माझ्या हातात बॅटरी होती. स्वतःची, तीन सेलची, नवी. मी म्हटलं, कंदील कशाला, हिचा उजेड बघा. आणि बॅटरीला दोरी बांधून खाली सोडली. लख्ख उजेड पडला. ज्वारी दिसली, भिंतीचा कडबा दिसला. मी सगळ्यांना वाकून बघायला लावलं.

“तळापर्यंत साफ आहे,” मी म्हणालो.

“उजेड बघायला न्हाई सोडायचा कंदील,” गयाबाई म्हणाली. “विझतो का ते बघायला सोडायचा. आदी कंदील, मग माणूस.”

दत्तराव म्हणाले, “गया, तू मधी बोलू नको.” त्यांनी हे खेकसून म्हटलं नाही. मी शिक्षित माणूस समोर होतो आणि त्यांना माझ्यासमोर गावठी दिसायचं नव्हतं, एवढंच. बॅटरी वाफेत विझत नाही, हे मला कळायला हवं होतं. चार दिवसांचं प्रशिक्षण घेतलेला त्या गर्दीत मी एकटाच होतो.

नागोराव शिडीने उतरला. शिडी आहे म्हणून मी दोरही बांधू दिला नाही. गयाबाईने लांबूनच हाक मारली, “नागोराव, बोलत ऱ्हाय. शिव्या दे मालकाला.” लोक हसले. खालून नागोराव म्हणाला, “काय देऊ?” पुन्हा हसू झालं. मी घड्याळ बघितलं. साहेब यायला अर्धा तास होता.

हसू संपलं आणि खालून काहीच आलं नाही. नागोरावच्या गप्प बसण्याचं कुणाला नवल नव्हतं. ते गयाबाईला एकटीला ऐकू आलं. ती धावत आली, पेवात वाकून बघितलं आणि म्हणाली, “बसला.”

माझ्या बॅटरीच्या उजेडात तो स्वच्छ दिसत होता. ज्वारीवर बसलेला, शिडीला टेकलेला, मान खाली.

मी पेटीकडे धावलो. कुलूप होतं. सरपंच कापूस घेऊन मानवतला गेलेले, किल्ली त्यांच्या करदोड्याला. मी परत आलो तेव्हा दत्तरावांनी सदरा काढला होता आणि ते उतरायला निघाले होते. नागोराव त्यांच्याकडे वीस वर्षं होता. त्यांना दुसरं काही सुचलं नसेल.

आणि गयाबाई पेवाच्या कडेवर, शिडी अडवून बसली होती.

“सरक,” दत्तराव म्हणाले.

“मालक, तुमी उतरलाव तर दोन मढी काढावी लागतील. उतरायचंच असंल तर मला हात धरून बाजूला करा.”

त्यांचा हात पुढे आला आणि थांबला. वाचकांना हे लिहून दाखवायची मला लाज वाटते, पण लिहितो. जन्मभर त्यांनी तिला हात लावलेला नव्हता आणि आजूबाजूला अख्खं गाव उभं होतं. तो हात थांबेल हे तिला पक्कं माहीत होतं. तिच्या साऱ्या आयुष्याला कुंपण घालणारी ती गोष्ट तिने त्या दिवशी पेवाभोवती घातली आणि एका माणसाचा जीव वाचवला. त्या वाचलेल्या माणसाचा उल्लेख माझ्या अहवालात नाहीच.

दत्तराव थांबले तेवढ्यात ती बोलत सुटली. घोंगडी आणा. मोटेचा जुना नाडा आणा, तो जाड दोर. घोंगडी दोरीला बांधून तिने दोघांना ती पेवात खालीवर, खालीवर करायला लावली, ताक घुसळतात तशी, वाफ हलून वर यावी म्हणून. मग मान वर न करताच विचारलं, “डोहात लांब बुडी कोण मारतं?”

गर्दीतला लिंबाजी मारायचा. तळाची वाळू मुठीत आणून दाखवायचा. त्याच्या कमरेला नाडा बांधला, दुसरा दोर हातात दिला. “खाली श्वास घ्यायचा न्हाई. नदीच हाय असं समज. त्याच्या काखेतून दोर घाल, गाठ मार, वर ये. गाठ न्हाई बसली तरी वर ये.”

लिंबाजीने छाती भरून घेतली आणि उतरला. मी मोजत होतो, पण किती मोजलं ते मला आज सांगता येत नाही. तो वर आला तेव्हा डोळे लाल झाले होते, पण गाठ बसली होती. सगळ्यांनी दोर धरला. दत्तराव आणि गयाबाई एकाच दोरावर, एकामागे एक. त्या दिवशी ते कुणी बघितलं नाही. बघितलं असेल तर बोललं नाही.

नागोरावला लिंबाखाली वाऱ्याला ठेवला. पोटऱ्या चोळल्या, तोंडावर पाणी मारलं. बराच वेळ काही नाही. मग छाती हलली, उलटी झाली, डोळे उघडले. समोर दत्तराव वाकलेले. आणि त्या चार शब्दांच्या माणसाने त्यांना आज्यापासून सुरुवात करून अशी एक सलग शिवी दिली, की गयाबाईचा नवरा ऐकत असता तर त्याने मान डोलावली असती. दत्तराव तिथेच मातीत बसून हसायला लागले. हसता हसता डोळे पुसत होते. म्हणाले, “दे बाबा, आणखी दे.”

साहेबांची जीप आली तेव्हा नागोराव चहा पीत होता. साहेबांना बाहेरूनच खबर लागली होती. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, “पेटी वापरली ना?”

मी “हो” म्हणालो.

एवढ्याशा ‘हो’चा दोन पानी अहवाल झाला. तो लिहायला बसलो त्याआधी गयाबाई पंचायतीच्या दारात आली होती. आत आली नाही. म्हणाली, “भाऊसाहेब, माझं नाव न्हाई लिव्हलं तरी चालंल. कंदिलाचं लिव्हा. ते कागद बाकीच्या गावाला जातेत ना? कंदील आदी सोडायचा, बॅटरी न्हाई, येवढं लिव्हा.”

तिने मागितलेलं एवढंच होतं. पण कंदिलाचं लिहायचं तर बॅटरीचं लिहावं लागणार आणि बॅटरी माझी होती. मी लिहिलं: पेटीतील दोर व बॅटरी यांचा वापर करून, ग्रामसेवकांच्या मार्गदर्शनाखाली, उपस्थित ग्रामस्थांच्या सहकार्याने. ‘उपस्थित ग्रामस्थ’ म्हणजे गयाबाई. सव्वीस जानेवारीला शाल, नारळ आणि ते प्रशस्तिपत्र मिळालं. वस्तीतली माणसं मागे उभी होती. गयाबाईने टाळ्या वाजवल्या. अहवालात काय आहे, ते तिला ठाऊक नसेल असं मी धरून चाललो.

अहवालाच्या प्रती खरंच इतर गावांना गेल्या. तेव्हापासून माझी झोप उडाली. मग मी एक उद्योग सुरू केला. जिथे बदली होईल तिथे, आणि जिथे माझं काही काम नाही तिथेही, पेव असलेलं घर शोधायचं आणि कंदिलाचं सांगायचं. एसटीत शेजारी बसलेल्याला सांगायचो. लग्नाच्या पंगतीत सांगायचो. लोक मला ‘कंदीलवाले भाऊसाहेब’ म्हणायला लागले. एका गावात तर मी कंदील विकतो असं समजून एका बाईने काचेची चौकशी केली. किल्लारीच्या भूकंपानंतर लोक महिनोन् महिने अंगणात झोपत होते, तेव्हा मला व्याख्यानांना पाठवलं. तिथेही भूकंपाचं पाच मिनिटं सांगून मी कंदिलावर यायचो. हे सगळं सांगताना, हे मला कुणी शिकवलं ते मात्र कधी सांगितलं नाही.

एका लांबच्या गावात पेवात एक जण दगावला, असं मधल्या एका वर्षी कानावर आलं होतं. माझा अहवाल त्या गावाला गेला होता का, हे आवक-जावक रजिस्टरात बघता आलं असतं. मी बघितलं नाही. आता ते रजिस्टरही नाही.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नामांतराचा प्रश्न मिटला आणि मी त्या गावाला गेलो. वस्तीत पेढे वाटायला लागले होते. गयाबाई थकली होती, पण मला बघून म्हणाली, “या कंदीलवाले,” आणि माझ्या हातावर दोन पेढे ठेवले. म्हणजे तिच्यापर्यंत ते नाव पोचलं होतं. मी तिला सगळं सांगितलं. अहवालात काय लिहिलं, काय गाळलं, का गाळलं. तिने ते पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तवाच कळलं मला. टाळ्या वाजवल्या ते नागोराव जिता होता म्हणून. तुमी कागद केला, म्या माणूस काढला. माझं काम झालं. तुमचं राहिलंय.”

मी करतो म्हणालो. मग नोकरीची तीन वर्षं उरली होती, मग मुलीचं लग्न होतं, मग काहीच कारण नव्हतं आणि तरी केलं नाही. गयाबाई गेली. दत्तराव गेले. नागोराव अगदी परवापर्यंत होता आणि म्हातारपणी भलताच बोलका झाला होता. त्या गावात आज एकही पेव नाही. पत्र्याच्या कोठ्याही गंजून गेल्या.

मी कचेरीत जाऊन आलो. जुनी कागदपत्रं कधीच नष्ट केली, दुरुस्ती कशात करणार, असं तिथल्या तरुण कर्मचाऱ्याने फार अदबीने सांगितलं. तेव्हा दुरुस्त अहवाल इथे देतो. अंक आला की हे पान कापून भिंतीवरच्या चौकटीत घालणार आहे. काच अजून चांगली आहे.

अहवाल. प्रात्यक्षिकाच्या दिवशी पेव माणूस उतरण्याच्या फक्त अर्धा तास आधी उघडले. कंदील सोडला नाही, बॅटरी सोडली. बॅटरी ग्रामसेवकाची होती. आधी कंदील सोडा, असे श्रीमती गयाबाई यांनी दोनदा सांगितले, ते ग्रामसेवकाने ऐकले नाही. नागोराव खाली बेशुद्ध पडल्यावर श्रीमती गयाबाई यांनी दत्तराव यांना उतरू दिले नाही, त्यामुळे एक जीव वाचला. घोंगडीने वाफ हलवून व लिंबाजी यांना दोर बांधून उतरवून त्यांनी दुसरा जीव वाचवला. आपत्कालीन पेटीला सदर वेळी कुलूप होते. सर्व गावांना कळवण्यात येते की, विहीर असो, पेव असो, कुणालाही उतरवण्यापूर्वी पेटता कंदील सोडावा. तो विझला तर कुणीही उतरू नये. ही सूचना श्रीमती गयाबाई यांची आहे. ती पोचायला उशीर झाला. त्यास ग्रामसेवक जबाबदार आहे.